नवरीच्या मामानं नवरीला घेऊन यावं

सुरू व्हायला पाऊण तास उशीर झाला त्याबद्दल माफी मागतो. पण विषय लग्नाचा आहे, आणि लग्न कधी वेळेवर लागतं का? (हशा)

विषय ठरला होता ‘सिनेमातलं पंजाबी लग्न आणि आपण’. काल संध्याकाळी पारावर एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, ‘‘सर, राणीसावरगावात पंजाबी लग्नाचं काय काढलं? इथं आमच्या पोरांची लग्नं जमंनात.’’ मी म्हणालो, काका, उद्या या, तुमच्याच मांडवातून सुरुवात करतो. काका आलेत, दुसऱ्या रांगेत बसलेत. तेव्हा शब्द पाळतो.

गेल्या उन्हाळ्यात मी गंगाखेड तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. गाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही गावातलं असू शकतं. आदल्या रात्री हळद. पूर्वी हळदीला बायका जात्यावरची गाणी म्हणायच्या. आता त्या रात्रीला ‘संगीत’ म्हणतात. स्टेज होतं, रंगीत दिवे होते, धूर सोडायचं मशीन होतं. नवरदेवाच्या चुलतबहिणींनी पंधरा दिवस मोबाइलवर बघून बसवलेला नाच होता. दुसऱ्या दिवशी नवरदेव शेरवानीत, नवरी लेहेंग्यात. हलगीच्या जोडीला पंजाबी ढोल. हे सगळं आपल्याकडं पंजाबातून आलं नाही, सिनेमातून आलं. आणि मी तक्रार करत नाही बरं का. पोरं नाचली, म्हाताऱ्या नाचल्या, मीही दोन पावलं टाकली. आनंद होता, गोंधळ होता.

मग लग्नाची वेळ झाली. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. माइक पाहुण्यांतल्या एका हौशी गृहस्थाच्या हातात. त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, जिल्हा परिषदेचे आजी, माजी आणि भावी सदस्य. (हशा) प्रत्येकाला शाल, श्रीफळ, फेटा. मला मास्तरकीची जुनी खोड, मी मोजत बसलो. सदतीस नावं झाली. दीड वाजला. मग माइकवरून आवाज आला : ‘‘नवरीच्या मामानं नवरीला घेऊन यावं.’’

मंडळी, हे वाक्य आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलं आहे. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. सदतीस माणसांना नावानं बोलावलं, आणि जिचं लग्न तिला मामामार्फत. तिचं नाव मागच्या बॅनरवर होतं, थर्माकोलच्या अक्षरात. माइकवर मात्र ते एकदाही आलं नाही. आज मी जे बोलणार आहे ते एवढंच : लग्नाच्या गोंधळावर जी नाटकं आणि सिनेमे झाले, त्यांत नाव कुणाकुणाचं घेतलं गेलं आणि कुणाचं राहिलं.

आता ‘गोंधळ’ या शब्दाकडं बघा. आपल्या भाषेची गंमत अशी की अव्यवस्थेला आपण जो शब्द वापरतो, तोच एका विधीचा शब्द आहे. आपल्या गावात रेणुकेचं ठाणं आहे, तेव्हा इथं गोंधळ म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पण हे व्याख्यान पुढं छापील स्वरूपात शहरातली मंडळीही वाचतील, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लग्नानंतर कुलदेवीचा गोंधळ घालतात. चौक मांडतात, दिवटी पेटवतात, संबळ आणि तुणतुणं वाजतं, आणि गोंधळी रात्रभर उभे राहून गण गातात, कथा लावतात. गोंधळ्यांत तुळजाभवानीचे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. आपल्या परभणीच्या राजाराम कदमांनी ही कला देवघरातून नागर रंगमंचापर्यंत नेली.

या विधीच्या सुरुवातीला काय होतं? आवाहन. महाराष्ट्रातल्या एकेका देवाला, त्याच्या गावासकट नाव घेऊन गोंधळाला बोलावतात. मोठा देव, लहान देव, रानातला, वेशीवरचा. कुणी राहू नये ही काळजी. कारण ज्याचं नाव राहील तो रुसेल. बाहेरच्याला जो कालवा वाटतो, त्याच्या तळाशी ही एवढी बारीक शिस्त आहे. म्हणून मी लग्नाच्या कलाकृतीला हीच कसोटी लावतो. गर्दी किती दाखवली, रंग किती उधळले हे नंतर बघू. आवाहनात कोण आलं ते आधी सांगा.

आपल्या घरापासून सुरुवात करू. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. लक्ष्मण देशपांडे आपल्या मराठवाड्याचे, औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. २००९ साली ते गेले. एकटा माणूस तीन तास रंगमंचावर, आणि ५२ पात्रं! आपल्या भागातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला जातं, एवढीच गोष्ट. तोवर मराठवाड्याची बोली रंगभूमीवर आली की बहुधा गडी-नोकराच्या तोंडी यायची, हसण्यापुरती. देशपांड्यांनी तीच बोली अख्ख्या नाटकाची भाषा केली. म्हातारी, पोरगं, रुसलेला पाहुणा, शहाणपणा करणारा भाऊबंद, सगळ्यांना वेगळा आवाज, वेगळी मान, वेगळी चाल. कसोटीच्या भाषेत सांगायचं तर ५२ जणांचं आवाहन, आणि सगळे देव एकाच अंगात! (टाळ्या)

या नाटकावर माझं प्रेम आहे. तरी एक गोष्ट नोंदवतो. नावच बघा, ते वऱ्हाडाचं आहे. गंमत प्रवासाची, सामानाची, मानपानाची. लग्न हे निमित्त. आपल्याला लग्नातलं हसू आठवतं ते असं वऱ्हाडाचंच : कोण रुसलं, कुणाला फेटा मिळाला नाही, कुणाची गाडी चुकली. आपण हसतो ते बरोबरच आहे. पण लग्नाचा गोंधळ वऱ्हाडाच्या बाजूनं सांगितला की तो नेहमी आनंदाचाच दिसतो. वऱ्हाडाला बिल द्यावं लागत नाही. आणि वऱ्हाड संध्याकाळी आपल्या घरी परत जातं. नवरी जात नाही.

आता पंजाबी लग्नाकडं येऊ. त्याआधी एक गैरसमज काढून टाकतो. पंजाबी लग्न म्हणजे धांगडधिंगा, असं सिनेमा बघून आपल्याला वाटतं. नांदेड आपल्याला लांब नाही. तिथं हुजूर साहिब आहे, १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा काळ तिथं गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेली शीख कुटुंबं आपल्यासारखंच मराठी बोलतात. तिथला आनंद कारज कुणाला बघायला मिळाला तर जरूर बघा. गुरू ग्रंथ साहिबासमोर सगळे खाली बसलेले. गुरू रामदासांच्या लावां म्हणतात आणि चार फेरे होतात. शांत असतं सगळं. ढोल, नाच, जेवण हे त्याच्या आधी आणि नंतर. सिनेमानं मधला शांत भाग वगळला आणि आजूबाजूचा आवाज तेवढा उचलला. आपण तोच आवाज भाड्यानं आणला.

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ १९९५ साली आला. मुंबईत मराठा मंदिरला तो वर्षानुवर्षं चालला हे तुम्हाला माहीतच आहे. त्यातलं पंजाबातलं लग्नघर आठवा : पिवळी शेतं, मेंदी, करवा चौथ, बायकांची गाणी. आणि त्या गोंधळाच्या मधोमध एक आई आपल्या मुलीला कोपऱ्यात घेऊन सांगते की बाई म्हणून मला माझ्या इच्छा कशा सोडाव्या लागल्या. फार खरा प्रसंग आहे तो. पण तो बंद खोलीत घडतो. मांडवात त्याचा उच्चार होत नाही. आणि शेवटी मुलगी रेल्वेत चढते ती बापानं हात सोडला तेव्हा. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या होत्या. पण मुलीचा हात मोकळा करायचा अधिकार बापाकडंच राहिला, तो प्रश्न सिनेमानं विचारला नाही.

सहा वर्षांनी, २००१ साली, मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ आला. पटकथा सबरीना धवन यांची. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. त्याआधी हा मान एकाच भारतीय चित्रपटाला मिळाला होता, १९५७ साली सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ला. हा सिनेमा सुमारे ३० दिवसांत चित्रित झाला. कॅमेरा पुष्कळदा हातात धरलेला, त्यामुळं बघताना आपण पाहुण्यांच्या गर्दीत धक्के खात उभे आहोत असं वाटतं.

गोष्ट दिल्लीतल्या वर्मा कुटुंबाची. मुलीचं लग्न चार दिवसांवर. मुलगा ह्यूस्टनचा. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून, आखातातून नातेवाईक उतरतायत. सुरुवातीलाच दारावरची झेंडूची कमान ढासळते आणि बाप, म्हणजे नसिरुद्दीन शाह, मांडववाल्याच्या नावानं ओरडतो. इथं बसलेल्या प्रत्येक मुलीच्या बापाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मग मांडववाला दुबे येतो, विजय राज. तो पांढरा मांडव घालायला निघालेला असतो. बाप भडकतो, पांढरा काय, मयत आहे का घरात? तर कळतं, रंगीत मांडवाचे पैसे जास्त पडतील. (हशा) हसतो आपण. पण थोड्याच वेळात हाच बाप ओळखीच्यांकडं उसने पैसे मागताना दिसतो. रात्री बायकोशी हलक्या आवाजात बोलताना दिसतो. बघा, आनंदाच्या गोंधळाचं बिल इथं पडद्यावर आलं.

आता आवाहन कुणाकुणाचं झालं ते मोजा. नवरीचं झालं : ती लग्नाआधी एका विवाहित पुरुषात गुंतलेली आहे, आणि ते ती स्वतःच्या तोंडानं नवऱ्या मुलाला सांगते. तो चिडतो, मग विचार करतो. हे सगळं वडीलधाऱ्यांना न विचारता दोघांत होतं. दुबेचं झालं, आणि घरात काम करणाऱ्या ॲलिसचंही. बहुतेक सिनेमांत मांडववाला आणि कामवाली चौकटीच्या कडेला असतात, ट्रे घेऊन जातात येतात. इथं त्यांचं स्वतःचं प्रेम आहे आणि झेंडूच्या फुलांत लागलेलं छोटं लग्न आहे.

आणि सगळ्यांत अवघड आवाहन रियाचं. रिया ही नवरीची चुलतबहीण. वडील वारलेले, काकांनी वाढवलेली. तेज नावाचे नात्यातले एक गृहस्थ आहेत, श्रीमंत, घराला अडीअडचणीत पैसा पुरवलेला, सगळ्यांना आदरणीय. रिया लहान असताना त्यांनी तिच्याशी वाईट वर्तन केलेलं आहे. ती इतकी वर्षं गप्प असते. लग्नाच्या गडबडीत ती बघते की तेच गृहस्थ आता दुसऱ्या एका लहान मुलीला जवळ करतायत, गाडीत बसवून न्यायला निघालेत. ती गाडी अडवते. आणि सगळ्यांसमोर बोलते.

मंडळी, या प्रसंगासाठी मी हा सिनेमा परत परत बघितला. वाईट माणसाला गोंधळाचा किती उपयोग होतो बघा. घर भरलेलं, कोण कुठं झोपलंय पत्ता नाही, कोणतं पोर कुणाच्या मांडीवर आहे कुणी बघत नाही. जो आनंद आपल्याला मोकळा वाटतो, त्यातच पोर एकटं सापडतं. हे नायर आणि धवन यांनी ओळखलं. आणि त्यांनी गोंधळाला दोषही दिला नाही. लग्न रद्द होत नाही, गाणी थांबत नाहीत. बाप एक रात्र तळमळतो. एका बाजूला उपकार, पैसा, बहिणीचा संसार. दुसऱ्या बाजूला भावाची पोर. दुसऱ्या दिवशी ऐन लग्नाच्या तयारीत, भावाच्या तसबिरीसमोर, तो त्या गृहस्थांना घर सोडून जायला सांगतो. मग पाऊस येतो आणि सगळे भिजत नाचतात. तो नाच आपल्याला खरा वाटतो, कारण त्याच्या आधी एक खुर्ची रिकामी केलेली असते.

टीका करायचीच तर दोन गोष्टी. एक, दुबे आणि ॲलिस यांची गोष्ट गोड आहे, जरा जास्तच गोड. त्यांच्या लग्नाचा खर्च कुणी केला, ॲलिसच्या घरचे कुठं आहेत, हे सिनेमा विचारत नाही. श्रीमंतांच्या लग्नाला अडचणी दिल्या, गरिबांच्या लग्नाला फुलं. दोन, शेवटचा न्याय इथंही घरातला पुरुषच करतो. पण ‘दिलवाले’पेक्षा फरक आहे. इथं बाप हलतो ते एका मुलीनं मांडवात तोंड उघडल्यावर. तिचं बोलणं आधी, त्याचा निर्णय मागाहून. मला तो फरक मोठा वाटतो.

कुणी म्हणेल, हे दिल्लीचं, इंग्रजी बोलणाऱ्यांचं. आपल्या परंपरेत काय आहे? आहे ना. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’, १८९९. पैशाच्या लोभानं बाप कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो आणि लग्न मांडवात मोडतं. मराठी रंगभूमीवरचं हे केवढं धाडस! पण लग्न मोडतं कशानं? मुलगी नको म्हणते म्हणून नाही. वधू आणि वर एकाच गोत्राचे निघतात म्हणून. शारदेचं दुःख सगळ्यांना ऐकू येत होतं, पण मांडव थांबवायला ते पुरलं नाही. शास्त्राचा आधार लागला.

आणि त्याच्याही आधी जोतीराव फुले. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, वाजंत्रीचा थाट नाही. पुढं जोतीरावांनी मंगलाष्टकं लिहिली, त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू अंतरपाटामागून हक्क मागते, वर वचन देतो. दीडशे वर्षांपूर्वी या माणसाच्या लक्षात आलं होतं की मांडवात सगळे बोलतात, तिलाही दोन ओळी द्या. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि त्या दोन ओळी विसरलो.

आता शेवटाकडं येतो. काका, तुमच्या प्रश्नाकडं येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. परभणी जिल्ह्याचा आकडा ४८ टक्के. राज्यात सगळ्यांत वर आपण. जवळजवळ दोघींत एक. कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आपल्या भागातून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्यावर मिळते. जोडी झाली की कोयता पूर्ण. आईबाप सहा महिने फडात, वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून उरकून टाका. ‘उरकून टाका’ हा शब्द आपण लग्नाला वापरतो, मंडळी. आणि लहान वयात उरकलं की हुंडा कमी, हा हिशेब वर.

म्हणजे आपल्या गावच्या मांडवात, ढोल वाजत असताना, धुराचं मशीन चालू असताना, मामा जिला घेऊन येतो ती कधी कधी नववीतली असते. सदतीस नावं घेणाऱ्याला ते माहीत असतं. सत्कार घेणाऱ्यांना माहीत असतं. २००६ च्या कायद्यानं हा गुन्हा आहे आणि गावात तो रोखायची जबाबदारी ग्रामसेवकांवर दिलेली आहे, हेही माहीत असतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो. मीही आजवर अशा किती लग्नांत अक्षता टाकल्या असतील, मला मोजता येत नाही. मोजायची सवय असूनही.

म्हणून म्हणतो, सिनेमातून संगीत उचललं, लेहेंगा उचलला, ढोल उचलला, काही हरकत नाही. आता रियाही उचला. एक मुलगी मांडवात तोंड उघडते आणि घरातला एक मोठा माणूस तिचं ऐकून पैशावाल्या पाहुण्याला वाट दाखवतो, हेही त्याच पंजाबी लग्नात आहे. ते भाड्यानं मिळत नाही, एवढाच फरक.

मी काही फार मोठं मागत नाही. पुढच्या लग्नात तुमच्यापैकी कुणाच्या हातात माइक येईल. येईलच, मे महिना काही लांब नाही. तेव्हा सत्काराच्या यादीआधी नवरीचं नाव घ्या. तिचं पूर्ण नाव, तिची शाळा किंवा कॉलेज, तिचं वय. मोठ्यानं, भोंग्यातून गावाला ऐकू जाईल असं. वय सांगायला जीभ अडखळली, तर समजा की मांडव थांबवायची वेळ झाली. गोंधळी एकाही देवाचं नाव चुकवत नाही. आपण एवढं एक नाव तरी चुकवू नये.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं नाही, मला माहीत आहे. चहाला थांबा, तिथं बोलू. नमस्कार. (टाळ्या)